निरोपाची काच

काच फुटली तेव्हा भिंगबाई खोलीतच होत्या, आणि तरीही ती कशी फुटली ते त्यांना सांगता येईना.

दुपारचा चहा व्हायचा होता. पुढच्या खोलीतला दिवा लुकलुकत होता, तो बघावा म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातलं लोखंडी स्टूल ओढत आणलं, इथवर सगळं लख्ख आठवत होतं. मग बार उडाल्यासारखा आवाज झाला. जमिनीपासून छतापर्यंतची ती अख्खी काच क्षणभर पांढरीशुभ्र झाली, जणू तिच्यावर दव गोठलं, आणि दुसऱ्या क्षणी साखरेचं पोतं फाटावं तशी खाली सांडली. अर्धी खोलीत, अर्धी पहिल्या मजल्यावरून खाली, झाडांच्या कुंड्यांवर. भिंगबाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, आणि काचेच्या रिकाम्या चौकटीपाशी स्टूल आडवं पडलं होतं.

स्टूल आधी पडलं आणि त्याने काच फोडली? की काच आधी फुटली आणि दचकून हातातलं स्टूल सुटलं? या दोन गोष्टींच्या मधला तेवढा एक क्षण डोक्यातून निसटला होता. कितीही मागे जाऊन चाचपडलं तरी तो हाताला लागत नव्हता.

खालून वॉचमन धावत आला. माणूस मोठा कामसू; त्याला काम दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. "बाई, लागलं का कुठे? नाही ना? मग बसा तुम्ही, हलू नका. मी बघतो सगळं." त्याने झाडू, सुपडी आणि सिमेंटची रिकामी पोती आणली. भिंगबाईंच्या तोंडून "अहो, झाडू नका!" हे शब्द बाहेर पडेपर्यंत खोली आरशासारखी झाली होती. कुंड्यांमधले तुकडेसुद्धा त्याने वेचले होते.

"झाडू नको म्हणजे?" तो गोंधळला. "पायात जातील की, बाई."

त्याला काय सांगणार? कुठला तुकडा कुठे पडला हीच तर साक्ष होती, आणि ती बिचाऱ्याने झाडूने पुसून वर ओल्या फडक्याने पुन्हा पुसली होती.

भिंगबाईंचा सगळा जन्म काचेच्या कारखान्यात गेला. कॉलेजातून विज्ञानाची पदवी घेऊन त्या तपासणी विभागात लागल्या आणि त्याच विभागाच्या प्रमुख म्हणून निवृत्त झाल्या. गळ्यात काळ्या दोरीला एक छोटं भिंग कायम लटकलेलं असायचं, त्यावरून कामगारांनी नाव पाडलं. पुढे ते इतकं चिकटलं की पगाराच्या दिवशी खऱ्या नावाने पुकारा झाला तर ओ द्यायला त्यांना वेळ लागायचा. नवरा लवकर गेला. मुलगा शिकला, लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला एका उंच इमारतीत राहायला गेला. भिंग मात्र निवृत्तीनंतरही गळ्यातच राहिलं. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला उपयोगी पडायचं, इतकंच.

संध्याकाळी मुलगा आणि सून दोघंही आले. मुलाने रिकाम्या चौकटीकडे पाहिलं, मग स्टुलाकडे.

"आई, स्टुलावर चढायचं वय आहे का तुझं?"

"चढले नव्हते."

"मग स्टूल पडलं कसं?"

आयुष्यभर ज्या दोन शब्दांवरून त्यांनी हाताखालच्या माणसांना झापलं, तेच त्यांना म्हणावे लागले. "माहीत नाही."

मुलगा समोर बसला. आवाज चढवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो चिंतेत असला की आणखी हळू बोलायचा. "गेल्या महिन्यात दूध उतू जाऊन गॅस विझला, तुला कळलं नाही. किल्ली बाहेरून दाराला तशीच राहिली, ती शेजाऱ्यांनी आणून दिली. माझ्या वाढदिवसाला तू सकाळी दोनदा फोन केलास."

"दुसऱ्यांदा मुद्दाम केला होता," भिंगबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा तू गाडी चालवत होतास."

सुनेने पटकन खाली पाहिलं. मुलगा पाठ केल्यासारखं म्हणाला, "रविवारी तुला घेऊन जातो. मागची खोली आहेच. माझं कामाचं टेबल हलवलं की झालं. तू एकटी राहणं आता बरं नाही."

इतकी वर्षं ज्या वाक्याची त्यांनी मनातल्या मनात वाट पाहिली, ते असं आलं होतं. आलं, पण पेशंटला लिहून दिलेल्या औषधासारखं आलं. भिंगबाईंनी भिंगाची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली.

"मी फोडली असेन आणि विसरले असेन, तर येते. मुकाट्याने येते, हूं की चूं करणार नाही. पण आधी कळू दे."

"कळणार कसं? काच काय बोलणार आहे?"

"बोलते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. ही टफन काच. साधी काच भट्टीत मऊ होईपर्यंत तापवायची आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी गार वाऱ्याचा मारा करायचा. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागून गार होत आकसायला बघतो, पण बाहेरचा त्याला आकसू देत नाही. म्हणून अशी काच वरून दाबलेली आणि पोटातून ताणलेली असते. हीच तिची ताकद. फुटली तर सुऱ्या होत नाहीत, साखरेचे खडे होतात. पण कधी कधी कच्च्या मालातून निकेल आणि गंधकाचा एक कण आत येतो, टाचणीच्या टोकाहून बारीक. तो गरम असताना लहान असतो आणि गार झाला की त्याला मोठं व्हायचं असतं. गार वाऱ्याच्या माऱ्यात त्याला मोठं व्हायला सवड मिळत नाही. तो तसाच अडकून पडतो आणि मग वर्षानुवर्षं, कुणाच्या अध्यात ना मध्यात, काचेच्या पोटात फुगत राहतो. एखाद्या दुपारी काच फुटते. कुणी हात लावलेला नसतो, कधी कधी घरात कुणी नसतंसुद्धा.

"आणि हे सिद्ध कसं करायचं?" सुनेने विचारलं. सून दातांची डॉक्टर होती. तिला आजार कळला की लगेच एक्स-रे हवा असायचा.

"जिथून फुटायला सुरुवात होते तिथे दोन तुकडे बाकीच्यांपेक्षा मोठे राहतात. कडेला कड लावून, फुलपाखराच्या पंखांसारखे. आम्ही फुलपाखरूच म्हणायचो. मधल्या रेषेवर तो कण. स्टूल लागून फुटली असेल तर फुलपाखरू नसणार."

मुलाने दाराजवळच्या पोत्यांकडे पाहिलं. "यातून दोन तुकडे? आई, तांदूळ आहेत का निवडायला?"

"तांदळातले खडे काढतो, इथे खड्यातला तांदूळ काढायचा."

"मी थांबते," सून म्हणाली. "क्लिनिकला सुट्टी टाकते. रविवारपर्यंत बघू तरी ते फुलपाखरू."

"तू पण?" मुलगा म्हणाला, आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

दुसऱ्या दिवशी सुताराने चौकटीला प्लायवूडचा तक्ता ठोकला. खोलीत अंधार झाला, म्हणून दोघी स्वयंपाकघराच्या गॅलरीत बसल्या. खाली जुनी चादर, तिच्यावर दोन पराती, बाजूला पोतं. सुनेने आपल्या क्लिनिकच्या पेटीतून दोन चिमटे काढले आणि कपाळाला बांधायचा तिचा तो दिवाही लावला.

"तोंड उघडा," ती पोत्याला म्हणाली.

भिंगबाई हसल्या. लग्नाला इतकी वर्षं होऊन गेली, पण ही मुलगी विनोद करते हे त्यांना आज कळत होतं. आजवर दोघींमध्ये एका चहाइतकंच बोलणं व्हायचं. तब्येत कशी, गुडघा कसा, येतो मग.

निवडायची एक पद्धत होती. मूठभर तुकडे परातीत पसरायचे, हाताने हलवायचे नाहीत, परात तिरकी करून घरंगळू द्यायचे. लहान घरंगळतात, मोठे मागे राहतात, चिकटून राहिलेले पुंजके सगळ्यात मागे. ते चिमट्याने उचलून भिंगाखाली धरायचे. कडेच्या तुकड्यांवर घासलेली कड दिसते, ते वेगळे. बाकीचे परत पोत्यात. काचेचा आवाज परातीत पावसासारखा यायचा.

"तुमच्या वेळी काच अशीच होती का?" सुनेने विचारलं.

"छे! मी लागले तेव्हा काच भट्टीतून वर खेचून काढायचे, कापडासारखी. तिच्यात लाटा असायच्या. रस्त्यावरून माणूस सरळ चालत जायचा आणि तुला खिडकीतून दिसायचं की तो मध्येच गुडघ्यात वाकला, पुन्हा सरळ झाला. माझं पहिलं काम तेच. काचेमागे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा फळा धरायचा आणि पट्टे किती नागमोडी दिसतात ते बघायचं."

"आणि मग?"

"मग वितळलेल्या कथलावर काच ओतायला लागले. दुधावर साय धरते तशी ती त्याच्यावर आपोआप सपाट पसरते. लाटा गेल्या. माझा फळा अडगळीत गेला. मग टफन आलं, मग एकावर एक दोन काचांच्या मध्ये हवा कोंडायला लागले, मग असे लेप की उजेड आत घेतात आणि उष्णता दारातूनच परत पाठवतात. लहान चौकोनी तावदानं होती, त्यांची खिडकी झाली, खिडकी वाढत वाढत भिंत झाली. तुमच्या इमारतीला तर काचेशिवाय भिंतच नाही."

"पुढच्या बाजूला," सून म्हणाली. तिने एक पुंजका उचलला, पाहिला, टाकला. "मागच्या खोलीला एक छोटी खिडकी आहे. दुधी काचेची." थोडं थांबून म्हणाली, "उजेड येतो तसा."

भिंगबाईंनी परात पुन्हा भरली.

"आई, एक विचारू? तुम्ही तपासणीच्या प्रमुख. अशा कणावर काही उपाय नव्हता?"

"होता की. टफन केल्यावर काचा आणखी एका भट्टीत ठेवायच्या, मंद आचेवर, तासन्‌तास. पोटात कण असेल ती काच तिथेच फुटायची. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर फुटण्यापेक्षा बरं. माझ्या सहीशिवाय एकही काच त्या भट्टीतून सुटायची नाही."

"मग तुमच्याच घरात ही कशी आली?"

भिंगबाईंनी चिमटा खाली ठेवला. "निरोपाची काच होती ती."

त्यांच्या कारखान्यात निवृत्त होणाऱ्याला घड्याळ देत नसत, काच देत. ज्याला जी हवी ती, त्याने सांगितलेल्या मापाची. कुणी जेवणाच्या टेबलासाठी घ्यायचा, कुणी कपाटासाठी. शेवटच्या दिवशी सगळे भट्टीपाशी जमायचे. काच वाऱ्याखालून बाहेर आली की ती गार व्हायच्या आत निघणाऱ्या माणसाने तिच्यावर तळहात टेकवायचा, आणि टाळ्या. मग तशीच, अजून कोमट असताना, गोधडीत गुंडाळून ती त्याच्या घरी रवाना करायची. दुसऱ्या भट्टीत कोण घालणार? गार करून पुन्हा तापवायची म्हणजे निरोप शिळा झाला! कधी कुणाच्या मनात आलंच नाही. जगाच्या काचा पारखून घेणारी माणसं स्वतःच्या घरी मात्र न पारखलेली काच कौतुकाने लावायची.

"दिव्याखाली अंधार," सून म्हणाली.

"मिट्ट."

"आणि तुम्ही सगळ्यात मोठी मागितलीत."

"भट्टीत मावेल तेवढी मोठी द्या म्हटलं. समोर बस थांबते ना. म्हटलं, कोण उतरलं ते खुर्चीतून दिसेल."

सुनेने विचारलं नाही की कोण उतरायचं होतं. ते दोघं गाडीने यायचे, तेही मागच्या गेटने.

त्या बसथांब्याची एक गंमत होती, ती भिंगबाईंनी तिला सांगितली नाही. रोज संध्याकाळी तिथे एक बारीकसा माणूस उभा राहायचा, डबा काखेत धरून. त्याचं तोंड सारखं हलत असायचं. काच जाड, कडांना रबर, बाहेरचं जग पाण्याखालून यावं तसं यायचं; शब्द कळत नसत. फोनवर कुणाशी तरी रोज भांडतो बिचारा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्याच्या बायकोची त्यांना दयाही यायची. आणि काच गेल्यावर, तक्ता ठोकायच्या आधीच्या त्या एका संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला. तो गात होता. फोनबिन काही नव्हतं. आवाज फाटका होता, पण सुराला पक्का. आजही संध्याकाळी प्लायवूडच्या फटीतून तो ऐकू आला, आणि बस येईपर्यंत भिंगबाई तक्त्याजवळ काहीतरी काम काढून उभ्या राहिल्या.

निवडता निवडता सून बोलत होती. "माझं कसं असतं माहीत आहे का, आई? दिवसभर मी लोकांच्या तोंडात हात घालून बोलते. त्यांना उत्तर देता येत नाही. घरी येते, तर तुमचा मुलगा तोंड मोकळं असून उत्तर देत नाही."

"लहानपणापासून तसाच. त्याचे दात येत होते तेव्हासुद्धा रडला नाही. नुसता माझ्याकडे बघत बसायचा, जणू चूक माझी."

सून इतकी हसली की परातीतले तुकडे उडाले.

दुसऱ्या दुपारी सून चहा ठेवायला आत गेली, तेव्हा भिंगबाईंच्या चिमट्यात एक पुंजका आला. रबराचा छोटा तुकडा चिकटल्यामुळे त्यातले तुकडे अजून एकमेकांना धरून होते. त्यांनी ते हलकेच सुटे केले. बाहेरचे बारीक गळून पडले. मध्ये दोन राहिले, दोन्ही बाकीच्यांपेक्षा मोठे, सहा कोनांचे, एका सरळ कडेने जोडलेले.

भिंग डोळ्याला लावलं. मधल्या कडेवर, काचेच्या जाडीच्या बरोबर पोटात, एक गोल ठिपका होता. काळा, आणि उजेडात फिरवला की किंचित पितळी.

त्या बघत राहिल्या. म्हणजे स्टूल नंतर पडलं. डोकं ठिकाणावर होतं. हा कण त्यांच्या तळहाताखालून, टाळ्यांच्या कडकडाटात, त्या कोमट काचेतून घरी आला आणि इतकी वर्षं त्यांच्या खुर्चीसमोर निमूटपणे फुगत राहिला. त्या जेवल्या, झोपल्या, बसथांब्याकडे बघत बसल्या, आणि तो तिथेच होता.

हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. आतून खणांची उघडझाप ऐकू आली. डबे एकमेकांवर आपटले. सून काहीतरी गुणगुणत होती.

"आई, साखर कुठे ठेवता तुम्ही?"

भिंगबाईंची मूठ मिटली.

साखर कुठे आहे असं या घरात किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं! त्यांच्याच स्वयंपाकघरात दुसरं माणूस चुकीचे डबे उघडतंय, झाकणं उलटसुलट लावतंय. "डाव्या हाताला, खालच्या फळीवर," त्या म्हणाल्या, आणि ते दोन तुकडे त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवून घर बंद केलं.

चहा झाला. सुनेने बाही सरसावली. "चला, अजून एक पोतं." भिंगबाईंनी परात ओढली. संध्याकाळपर्यंत दोघी निवडत राहिल्या. बसथांब्यावरचा माणूस गाऊन गेला, सुनेने तिच्या पहिल्या पेशंटने बोट चावल्याची गोष्ट सांगितली, भिंगबाईंनी मुलाच्या तान्हेपणच्या गोष्टी सांगितल्या. दोन तुकडे चष्म्याच्या घरात गप्प होते. उद्याचा दिवस होता अजून. आणि उद्यानंतर काही सापडलं नाही, तर रविवार होता, मागची खोली होती, दुधी खिडकी होती. तिथे किल्ली हरवली की कुणीतरी कुणाकडे तरी बघणार, हेही होतं. पण साखर कुठे आहे हे विचारणारंही कुणीतरी असणार होतं. भिंगबाई दोन्ही पारड्यांत एकेक गोष्ट टाकत झोपी गेल्या.

सकाळी सून आधीच गॅलरीत बसली होती. भिंगबाई समोर बसल्या, परात तिरकी केली, तुकडे घरंगळू दिले.

"आई," सून म्हणाली. "भिंग कुठे आहे तुमचं?"

हात आपोआप गळ्याशी गेला. भिंग खुंटीवर होतं.

"काल चहानंतर तुम्ही ते डोळ्याला लावलेलंच नाही. नुसती परात हलवताय." तिने चिमटा खाली ठेवला. डॉक्टर माणूस, समोरचा कुठे दुखतंय ते लपवत असला की तिला कळायचं. "सापडलं ना?"

भिंगबाईंनी चष्म्याचं घर पुढे सरकवलं. सुनेने ते तुकडे तळहातावर घेतले, खुंटीवरचं भिंग काढलं, उजेडाकडे वळली आणि बराच वेळ बघत राहिली. "अगदी कीड दिसते दाताच्या आतली, तशी," ती हळूच म्हणाली. मग वळून, "आणि बोलला का नाहीत?"

"चहा छान केला होतास काल."

सुनेला आधी कळलं नाही. मग कळलं. कपाळावरचा दिवा तिने विनाकारण लावला, बंद केला.

"आई, हे परत पोत्यात टाकलं तर कुणाला कळणार आहे?" ती शेवटी म्हणाली. "मी काही बघितलं नाही. तुम्ही या आमच्याकडे. खरंच या."

भिंगबाईंना तिचा इतका जिव्हाळा वाटला की तिच्या डोक्यावरून हात फिरवावा असं मनात आलं. पण हाताला काचेची कच लागली होती. "तसं आले तर दूध उतू जाऊ देणारी म्हातारी म्हणून येईन, गं," त्या म्हणाल्या. "रोज कुणीतरी स्टूल लपवेल. महिन्याभरात माझाच विश्वास बसेल की मीच फोडली. त्यापेक्षा त्याला खरं सांगते. म्हणते, मी ठणठणीत आहे, काच आपली आपण फुटली." पुढचं त्या बोलल्या नाहीत. पुढचं असं होतं: आणि ठणठणीत आईला तो म्हणेल, तरीही ये.

फोन त्यांनीच लावला. स्पीकरवर ठेवला, सुनेलाही ऐकू यावं म्हणून.

"सापडलं," त्या म्हणाल्या. "फुलपाखरू. कणसुद्धा दिसतो. तुझ्या बायकोनेही बघितला."

"काय सांगतेस!" इतका मोकळा आवाज त्याने किती दिवसांत काढला नव्हता. "म्हणजे तू काहीच केलं नव्हतंस! आई, जिंकलीस तू. मी उगाच घाबरलो गं, झोप नव्हती मला. आता डोक्यावरचं ओझं उतरलं बघ."

"हो ना," भिंगबाई म्हणाल्या, आणि थांबल्या. वाट पाहायची त्यांना सवय होती.

"आणि काचेचं बघतो मी. चांगल्यातली चांगली लावून घेऊ, पुन्हा असला प्रकारच नको. मग ते टेबल नाही हलवत आता. राहू दे तिथेच." पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली. "आई, मीटिंग आहे. रात्री बोलू. शाब्बास हं!"

सून गॅलरीच्या कठड्याकडे तोंड करून उभी होती. थोड्या वेळाने तिने चादर झटकली, पोत्यांची तोंडं बांधली, पराती धुऊन जागेवर ठेवल्या. एक परात चुकीच्या जागी ठेवली. भिंगबाईंनी पाहिलं आणि ती तशीच राहू दिली.

संध्याकाळी ती निघाली. दारात चपला घालताना म्हणाली, "मी येत जाईन, आई. सुट्टी मिळाली की." ते ती मनापासून म्हणत होती, आणि सुट्टी किती मिळते हेही दोघींना माहीत होतं.

नवी काच पुढच्या आठवड्यात आली. मुलाने फोनवरून ठरवून पाठवली होती. लॅमिनेटेड, दोन काचांच्या मध्ये चिवट पारदर्शक पडदा भरलेली. तीन माणसांनी रबरी पकडींनी ती उचलून चौकटीत बसवली. भिंगबाईंनी सवयीने कडेला डोळा लावून ती तपासली, कोपऱ्यातला शिक्का भिंगाने वाचला. एकही दोष नव्हता. मग त्यांनी तिच्यावर तळहात टेकवला. काच थंडगार होती.

"बिनघोर राहा, बाई," काचवाला हत्यारं आवरत म्हणाला. "ही फुटली तरी पडायची नाही. मधला पडदा धरून ठेवतो. एक तुकडा हलणार नाही, जिथल्या तिथे. आणि शांतता म्हणाल तर कान वाजतील, एवढी."

"जिथल्या तिथे," भिंगबाई म्हणाल्या.

ती माणसं गेली. भिंगबाईंनी चहा केला, खुर्ची समोर ओढली. दिवस कलत होता. बसथांब्यावर तो बारीकसा माणूस डबा काखेत धरून येऊन उभा राहिला. भिंगबाई थोड्या पुढे सरकल्या, कान काचेजवळ नेला. आत काही आलं नाही. पलीकडे त्याचं तोंड हलत होतं, मान किंचित डोलत होती, आणि बस यायला अजून अवकाश होता.